धवलारिणीची दाढी

“दादा, तू आतच हास ना?” धाकूने भावजयीच्या उघड्या तोंडात डोकावून विचारलं.

दादा, म्हणजे काळुराम, जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्याच्या बायकोचा, ठमाबाईचा, आवाज बसला तो पुरुषी होऊनच उठला. पाळी केव्हाच गेलेल्या या बाईच्या हनुवटीला दाढी फुटली, तेव्हा भगताने निदान केलं, की नवरा गळ्यात येऊन बसलाय. भगताचं निदान कधी चुकत नसे. रोगीच चुकून मरत.

ठमाबाई धवलारीण. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची लग्नं तीच धवल्यांची गाणी गाऊन लावायची. आता नात सगुणाचं लग्न तोंडावर आलं, आणि भुताने धवले गायचे नाहीत, असं धाकूने ठरवलं.

इंग्रजांच्या राज्यातले ते दिवस. ठमाबाई कल्याणच्या दवाखान्यात गेली. गुरुदत्त डॉक्टरांनी लुगड्यावरून तिचं पोट चाचपलं. बराच वेळ चाचपलं.

“आजी, खाली गाठ आहे. नारळाएवढी. अशीच गाठ आणि अशीच दाढी मी मुंबईत एका बाईला पाहिली होती. हे सगळं गाठच करते.”

“कशी?”

“ते अजून कुणाला कळलेलं नाही.”

“म्हंजे ह्यांचा भूत नाय?”

“नाही.”

ती पाया पडायला गेली. गाठीने वाकू दिलं नाही. “मंग काढून टाका. हलदीच्या आधी.”

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. “पोट उघडलं तर इथेच जाल. नाही उघडलं तर... लग्न कधी आहे?”

“म्होरल्या म्हयन्यान.”

“लग्न बघाल.”

गाठीची गोष्ट धाकूला पटली नाही. ठमाबाई त्याच्यासमोर बसून ढसाढसा रडली. तो पुरुषी हुंदका ऐकून धाकूने तिच्यापुढे हात जोडले. “दादा, तू रडू नको र!”

हळदीला ती मांडवाबाहेर बसली. सगुणा हळदीची वाटी घेऊन तिच्याकडे आली.

“विधवेला हलद?” धाकू ओरडला.

“विधवा कशी? गल्यान आजा बसलाय, तूच बोलतस ना? मी आजाला लावतंय.”

सगुणाने दाढी दिसेनाशी होईतो हळद थापली आणि आजीला हाताला धरून आत नेलं.

ठमाबाईने पोट दाबून धरलं आणि धवला उचलला. विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज. मागून साथ धरणाऱ्या बाया अडखळल्या, एकमेकींकडे बघू लागल्या.

मग एकेकीने आपला आवाज खाली आणला.