अर्नीच्या नावाची लिंक

"घ्या, आणखी एक आली," चर्चच्या तळघरातून जिना चढून आलेल्या बाईनं फुलांची परडी डेलच्या हातात कोंबली. "ठेवा कुठंतरी. खाली टेबलावर जागा नाही, हॅमचे पाव मांडलेत. ते खाणार कोण, देव जाणे."

डेल निएमीनं परडी शवपेटीशेजारी ठेवली. पेटीत त्याचा थोरला भाऊ होता, अर्नी. डुलुथ बंदराच्या धक्क्यावर लोहखनिजाची जहाजं भरण्यात त्याचा उभा जन्म गेला. निवृत्त झाला तेव्हा निरोपाला हॉल पुरला नव्हता. आज मात्र बाकं ओस. पुढं अर्नीची बायको जोलीन, तिच्यामागं तिची बहीण आणि दोन शेजारणी, संपलं. फुलं मात्र इतकी, की वेदीची पायरी दिसेना.

"त्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं रे?" जोलीननं मान न वळवता विचारलं. "धक्क्यावरचा एक माणूस नाही. ऐनोसुद्धा नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसून दर शनिवारी कॉफी ढोसणारा ऐनो!"

"रस्त्यावर बर्फ आहे, जोलीन."

"बर्फात हाडं झिजली त्यांची. मला नको शिकवूस."

डेलला बोलायला तोंड नव्हतंच. वडिलांच्या तळ्याकाठच्या केबिनवरून दोघा भावांचं फाटलं होतं, आणि त्यानंतर त्यानं अर्नीच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून त्यानं नव्या परडीतलं कार्ड वाचलं. 'तुम्हाला एकांत हवाय, समजलं. अर्नीला आमचा सलाम. ऐनो सार्केला आणि धक्क्यावरची मंडळी.'

एकांत? तो कुणी मागितला होता?

"यांना कळवलंस कसं?"

"तुझ्याच कंपनीच्या लिंकनं. निधनवार्ता टाकली, लिंक सगळ्यांना पाठवली. वेळ, चर्च, जेवण, सगळं आहे त्यात. मी कॉम्प्युटरवर स्वतः वाचलंय. ह्या दोघींना तेवढं कुंपणावरून तोंडीही सांगितलं."

डेलनं शेजारणीचा फोन मागून घेतला आणि जोलीनची लिंक दाबली. ॲप उघडलं. वर लिहिलं होतं, 'आपल्या भावना पोचवा.' खाली लिली, गुलाब, परड्या, किमती. अर्नीचं नाव नाही, वेळ नाही, चर्च नाही.

ते ॲप डेलनंच बांधलं होतं. गावातलं छापील वर्तमानपत्र बंद पडल्यापासून म्हातारी माणसं सकाळच्या कॉफीबरोबर त्यावरच कोण गेलं ते बघत. पण पूर्ण वार्ता वाचायची तर वेबसाइटवर जावं लागे, आणि ते साहेबाच्या, ट्रेंट हॅगनच्या, डोळ्यांत खुपत होतं.

"वेबसाइटवर कुणी फुलं घेत नाही," ट्रेंट म्हणाला होता. "आपली प्रत्येक लिंक थेट ॲपमध्ये उघडली पाहिजे."

"ॲपमध्ये वार्तेचं पान अजून तयार नाही. माणसं सरळ फुलांच्या दुकानात जाऊन पडतील."

"पडू देत की. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, डेल. का चित्र काढून दाखवू?"

डेलचं डोकं फिरलं. कोणत्या लिंका ॲपकडं वळवायच्या, ते फोनला सांगणारी एक छोटी फाइल वेबसाइटवर ठेवावी लागते. निधनवार्ता तेवढ्या वगळणं सहज जमलं असतं; ट्रेंटनं ती फाइल जन्मात उघडली नसती. पण डेलनं तिथं नुसती एक चांदणी, '*' ही खूण, ठोकली. चांदणी म्हणजे सगळं; वार्ता आता फक्त कॉम्प्युटरवरच दिसणार. घे मेल्या, तक्रारी आल्या की बस बोंबलत, असं मनाशी म्हणून तो घरी गेला होता. तक्रार कुणीच केली नाही. डुलुथची माणसं तक्रार करत नाहीत. फुलं मागितलीत, म्हणजे आपण यायला नको, एवढं समजून ती मुकाट फुलं पाठवतात.

त्यानं हे सगळं जोलीनला सांगितलं. ती पहिल्यांदाच त्याच्याकडं वळली.

"तू आमच्याकडं यायचा नाहीस, ते त्यानं सोसलं. आता दुसऱ्यांनाही अडवलंस."

"मला फक्त ट्रेंटची जिरवायची—"

"कोण ट्रेंट? ट्रेंट आहे का त्या पेटीत?"

डेल बाहेर गाडीत जाऊन बसला आणि त्यानं ट्रेंटला फोन लावला. "ती चांदणी काढतोय मी."

"खबरदार हात लावलास तर! कालपासून फुलांचा नुसता धडाका चाललाय. कुणीतरी बडी असामी गेलेली दिसते."

"माझा भाऊ गेलाय."

"अरेरे," ट्रेंट म्हणाला. "वाईट झालं. सोमवारी बोलू आपण. पण चांदणी राहू दे."

डेलनं त्याला एक सणसणीत शिवी हासडली, फोन ठेवला, लॅपटॉप उघडून चांदणी पुसली. त्यानं आज काही होणार नव्हतं. फोन ती फाइल आपल्या सवडीनं पुन्हा आणतात, तोवर जुनीच धरून बसतात.

अर्नीला त्या दिवशी पुरायचं नव्हतंच. जमीन गोठलेली होती. पेटी वसंतापर्यंत दफनभूमीच्या कोठीत राहणार होती. पेटी गेल्यावर जोलीननं हॅमच्या पावांची पुडकी डेलच्या अंगावर लोटली. "मे महिन्यात पुरायचं. तेव्हा मला माणसं दिसली पाहिजेत. फुलं नकोत."

संध्याकाळी डेलनं बेल दाबली, तेव्हा ऐनोनं दार अर्धंच उघडलं.

"अर्नीचा धाकटा ना तू? मिळाला का एकांत मनासारखा?"

डेलनं पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं. चांदणी, ट्रेंट, स्वतःचा राग, काही सोडलं नाही.

"म्हणजे आम्हाला येऊ नका म्हटलं नव्हतं."

"नव्हतं."

"सगळे मलाच विचारत होते, जायचं का म्हणून. मी नको म्हटलं. विधवा बाईला फोन करून येऊ का, असं विचारतं का कुणी?"

"चूक तुमची नाही. दफन मे महिन्यात आहे. तारीख ठरली की पाठवतो मी—"

"पाठवू नकोस. येऊन सांग. प्रत्येकाच्या दारात जाऊन सांग."

त्यानं डेलच्या हातातलं पुडकं घेतलं आणि दार लावलं. आत ये म्हणाला नाही.

दाराच्या काचेतून डेलला आतलं दिसत होतं. खुंटीवर काळा सूट होता, धुलाईवाल्याच्या प्लास्टिकमध्ये तसाच. ऐनोनं पुडकं बाकावर ठेवलं, सूट खुंटीवरून काढला, आणि तो कुठं ठेवावा ते न कळून हातात धरून उभा राहिला.