पुडीतलं तेज

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा नव्हती. शंभरेक पुरुष टोप्या काढून बसले होते. समोर बाबा, खांद्यावर रुळणारे केस आणि मधाळ आवाज.

"केस मरत नाहीत रे, रुसतात," बाबा सांगत होते. "देहातलं तेज पायाशी साठलंय. ही भारलेली पुडी ते टाळूवर चढवते. रोज सकाळी एक. मात्र घरातल्या बाईने पुडीला शिवायचं नाही. मंत्र उतरतो."

तिसऱ्या रांगेतल्या चष्मेवाल्याने मान डोलावली. पस्तिशीच्या आतच त्याचा माथा उघडा पडला होता. त्याच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला फ्रेम चढवून आरसा दाखवला की त्यात मागे स्वतःचंच टक्कल दिसायचं. त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. "आत काय आहे ते तरी विचार," ती म्हणाली होती.

"तुला देवाच्या प्रसादावरही लेबल हवं," त्याने तिला उडवून लावलं होतं.

सहा महिन्यांत केस आले. खरोखरच आले. "दुसरं लग्न काढलंय की काय?" गिऱ्हाइकं विचारू लागली. तो हसायचा, पण घरी पाठ फिरवून झोपायचा. आधी इच्छा आटली, मग शरीराने साथ सोडली. शेवटी लाज गिळून त्याने बाबांच्या कानात सांगितलं.

बाबा गंभीर झाले. "तेज चढलं, पण घरात गळती आहे. वांझ बाई नवऱ्याचं तेज पिते."

दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ पडला होता, तेव्हा दवाखान्यात तिचा हात धरून हाच बसला होता. तरी जेवताना त्याने तेच वाक्य तिच्या ताटात वाढलं. "वांझ आहेस तू. मला पोखरतेस."

तिने घास खाली ठेवला. "हे तू बोलतोयस की तो?"

"खरं ते खरं."

दुसऱ्या दिवशी त्याने तिला भावाच्या दारात सोडलं. "तुमचा माल तुम्हीच सांभाळा," असं मेहुण्याला सुनावून तो दुकान उघडायला गेला. तिच्या पर्समध्ये एक पुडी होती, हे त्याच्या गावीही नव्हतं.

महिन्याभराने ती हॉलमध्ये आली. सोबत त्वचेच्या डॉक्टरीणबाई आणि प्रयोगशाळेचा अहवाल.

"पुडीत पाल्याची पूड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि त्यात केसांच्या गोळ्या वाटून मिसळल्यात. औषध खरं आहे, आम्हीही देतो. पण विचारून, सांगून, मापात. इथे एका पुडीत एक गोळी, तर दुसरीत तीन." त्यांनी खिशातून गोळ्यांच्या खोक्यातला कागद काढून वाचला. "काही पुरुषांची इच्छा कमी होते, ताठरता जाते, वीर्य घटते. गर्भवती किंवा गर्भ राहू शकेल अशा स्त्रीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये." मग बाबांकडे पाहिलं. "तुमचा नियम. मंत्रातून आला की या कागदातून?"

बाबा म्हणाले, "श्रद्धा नसेल तर..."

"नियम वाचलात तेव्हा त्याच्या वरची ओळही वाचली असेल."

मग मागून एक लोहार उठला. "माझंही तसंच झालंय," एवढंच म्हणाला. एकेक करत चाळीस जण उभे राहिले. चाळीसांपैकी अकरा जणांनी बायका माहेरी धाडल्या होत्या. बाबा मागच्या जिन्याने निसटले ते थेट डॉक्टरीणबाईंनी आधीच बोलावलेल्या पोलिसांच्या हातात.

संध्याकाळी चष्मेवाला मेहुण्याच्या दारात उभा राहिला. "चूक झाली. मला ठाऊक नव्हतं."

"गोळी ठाऊक नव्हती," बायको म्हणाली. "मी तर ठाऊक होते ना?" तिने दार लावलं.

पुड्या बंद केल्यावर बहुतेकांचं शरीर ताळ्यावर आलं, त्याचंही आलं. लोहाराचं आलं नाही. काहींचं येत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चष्मेवाल्याचे केस गळाले. बायको परतली नाही.

काही पोटात घ्यायचं असेल तर आधी त्याचं नाव विचारा. नाव सांगत नाही त्याच्यासमोर तोंड उघडू नका. आणि शरीर बिघडलं तर ते डॉक्टरला दाखवा. त्याचं खापर फोडायला घरातल्या माणसाचं डोकं शोधू नका.