आय. प्यू यांना पोचलेली खोली
लोवरीने दार उघडलं आणि नर्स डिलिसच्या कपाळाला आठी पडली. लोवरीचा नवरा इडवल प्यू अजून स्वयंपाकघरातच, चुलीशेजारच्या खाटेवर खोकत पडलेला. खिडकीच्या फटी कागद चिकटवून बुजवलेल्या. आणि त्याच्या पायाशी, त्याच पांघरुणात, त्यांची सहा वर्षांची मुलगी नेस्ट.

"अगं लोवरी, किती वेळा सांगू? पोरीला त्याच्याजवळ निजवू नकोस!"

"मग कुठं निजवू, नर्सबाई? छपराला टांगू?" लोवरी उसळली. "तुमची ती लाकडी खोली येणार होती ना अंगणात? सात महिने झाले!"

खरं होतं. क्षयाच्या रोग्याला मोकळ्या हवेत झोपता यावं म्हणून काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाराकडून, एका बाजूने उघडी अशी लाकडी खोली मिळायची. इडवलची छाती पाटीच्या दगडाच्या खाणीत पोखरलेली, त्यात क्षय जडलेला. सॅनेटोरियममध्ये खाट रिकामी होईपर्यंत तेवढाच आधार, म्हणून डिलिसने तीनदा अर्ज केला होता.

ती तडक कचेरीत गेली. कारकून प्रिचर्डने सावकाश वही उघडली.

"खोली फेब्रुवारीतच पोचली. ही बघा सही. आय. प्यू. आय म्हणजे इडवल."

"अहो, त्याच्या अंगणात काही नाही! मी आत्ता तिथूनच येतेय."

"सही आहे म्हणजे खोली आहे. एका रोग्याला दुसरी देता येत नाही."

"ब्रिनगारोत प्यू किती आहेत ठाऊक आहे? दगड भिरकावला तर प्यूलाच लागेल!"

"दगड भिरकावणं आमच्या खात्यात येत नाही, नर्सबाई."

डिलिसने सायकल काढली आणि गावातले प्यू एकेक करून पालथे घातले. पाचव्या घरी खोली सापडली. धडधाकट आयोर्वर्थ प्यूच्या परसात ती ऐटीत उभी होती आणि आत अकरा कोंबड्या.

"काउंटीनं आपणहून पाठवली," आयोर्वर्थ म्हणाला. "मला वाटलं, अंड्यांची काही योजना असेल. सरकारला नाही कसं म्हणायचं?"

हसावं की रडावं, डिलिसला कळेना. तिने कचेरीला कळवलं. उत्तर आलं: खोली हलवायची तर नवा अर्ज करावा, समितीची बैठक जूनमध्ये आहे.

जूनपर्यंत पोरीनं तिथंच निजायचं?

शनिवारी दुपारी खाण सुटली तेव्हा डिलिस फाटकाशी उभी होती.

"इडवलसाठी खांदा द्यायला माणसं हवीत," ती ओरडली. सगळ्यांनी टोप्या काढल्या. "अरे, तसला खांदा नव्हे! जिवंत आहे तो!"

नऊजण आले. एक कोपरा, जरा ओशाळून, आयोर्वर्थने धरला. लोवरीने खोली सोड्याने तीनदा घासली आणि उजेड असतानाच इडवलची खाट आत गेली.

"नर्सबाई, कोंबड्यांचा वास येतोय."

"वास येतोय म्हणजे श्वास घेतोयस. गप पड."

नेस्टला स्वतःचं अंथरूण मिळालं. तिला पुढे काही झालं नाही. इडवल सप्टेंबरात सॅनेटोरियममध्ये गेला आणि दीड वर्षाने परतला. खाणीच्या कामाचा उरला नव्हता, पण घराच्या फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर खेकसण्याइतका दम होता.

डिलिसला मात्र कचेरीचं पत्र आलं: काउंटीची मालमत्ता परवानगीवाचून हलवल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. तिने दिला. तो प्रिचर्डकडून गहाळ झाला, म्हणून त्याने दुसरा मागवला. तो लिहिताना तिने इतका जोर दिला की टाकाचं टोक मोडलं.