अर्धा झाकलेला आरसा

अंतर्गोल आरसा टोर्किल ब्येरेनं आयुष्यभर फळ्यावरच शिकवला. वस्तू म्हणून एक बाण, त्याच्या टोकापासून निघालेले दोन किरण, ते आरशावरून परतून जिथं भेटतात तिथं उलटी प्रतिमा. दोनच किरण, कारण तेवढ्यात आकृती पुरी होते आणि तास वेळेवर संपतो. अशी आकृती वर्षानुवर्षं काढली की माणसाला वाटू लागतं, उजेडातही दोनच किरण असतात. मग तो पोरांना बिनदिक्कत सांगे, आरशाचा अर्धा भाग झाकला की अर्धी प्रतिमा गेली. स्वतः कधी करून पाहिलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

जानेवारीत एकदा मायकेन नावाच्या मुलीनं वर्गात हात वर केला. "टोर्किल, मी बाबांच्या दाढीच्या आरशावर करून पाहिलं," ती म्हणाली. "समोर कागद धरला की खिडकी उलटी पडते. आरसा अर्धा झाकला तरी खिडकी अख्खीच राहते, जरा अंधूक होते एवढंच."

लिमफ्योर्ड नावाच्या खाडीच्या काठावरच्या त्या शाळेत मास्तरला सगळे नावानंच हाक मारतात, पण म्हणून मास्तरचा तोरा कमी असतो असं कुणी समजू नये. टोर्किल म्हणाला, "बाबांच्या आरशाला हनुवटी बघू दे, भौतिकशास्त्र आपण बघू." वर्ग खो खो हसला. मायकेनही हसली, कानापर्यंत लाल झाली आणि खाली बसली.

जूनमध्ये तोंडी परीक्षा आली. मायकेनचा हा शेवटचा विषय. बाहेर तिचे आईबाप कागदी झेंडे आणि लाल पट्टीची पांढरी टोपी घेऊन उभे होते. शाळेची शेवटची परीक्षा झाली की ती टोपी डोक्यावर चढते. तिला वैद्यकीला जायचं होतं, त्यासाठी बारा हवे होते, म्हणजे सगळ्यांत वरचा गुण. हे टोर्किलला चांगलं ठाऊक होतं. मेजापाशी त्याच्या शेजारी ऑलबोर्गहून आलेली परीक्षक बसली होती, इंगर लॉरित्सेन.

मायकेननं चिठ्ठी उचलली आणि नेमका आरसाच निघाला. टोर्किल खूश झाला. पोरीनं पडदे ओढले, मेणबत्ती लावली, पांढरा पुठ्ठा पुढंमागं सरकवला, आणि उलटी ज्योत त्यावर लख्ख उमटली. नाभी, अंतरं, सूत्र, सगळं तिनं घडाघडा सांगितलं. इंगर मान डोलावत होती. मग तिनं सहज विचारलं, आरसा अर्धा झाकला तर काय होईल?

मायकेननं टोर्किलकडे पाहिलं आणि म्हणाली, "अर्धी प्रतिमा जाईल."

"झाकून बघ," इंगर म्हणाली.

मायकेननं वही आरशाच्या वरच्या अर्ध्या भागापुढं धरली. पुठ्ठ्यावरची ज्योत थोडी फिकी झाली, पण टोकापासून बुडापर्यंत अख्खीच राहिली. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात; इथं तर आरसाच समोर होता. आरशाच्या प्रत्येक तुकड्यावर सगळ्या ज्योतीचा उजेड पडतो, हे टोर्किलला त्या क्षणी कळलं. आता ही पोरगी आपलं नाव घेणार, असं त्याला वाटलं. तिनं घेतलं नाही.

गुण ठरवायला तिला बाहेर पाठवलं. इंगर म्हणाली, बाकी सगळं उत्तम, पण प्रतिमा बनते कशी हेच पोरीला उमगलेलं नाही, बारा कसे देणार? मग चष्मा पुसत तिनं विचारलं, "हे खूळ तिच्या डोक्यात आलं कुठून?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"पोरं घेतात कसंही डोक्यात," टोर्किल म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. सात गुण ठरले. मायकेनला आत बोलावून त्यानंच ते सांगितले, आणि तिनं दोघांचे आभार मानले. त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना.

बाहेर आईनं तिला पोटाशी धरलं. बापानं टोपीच्या आत, मधोमध, सात हा आकडा लिहिला. रीतच आहे ती. मग मित्रमैत्रिणी आपापलं लिहू लागले. टोर्किल दारात घुटमळत होता. मायकेन टोपी आणि पेन घेऊन त्याच्याकडेच आली, कारण मास्तरही लिहितात.

त्याला लाज सहन होईना. "मायकेन, चूक माझी होती," तो हळू आवाजात म्हणाला. "तू तक्रार कर. मी लिहून देतो, मीच तसं शिकवलं म्हणून."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "घरी मी नंतरही करून पाहिलं होतं."

"मग आत खरं का नाही सांगितलंस?"

ती उत्तरली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"जानेवारीत सांगितलं होतं."

टोपी तिनं तशीच पुढं धरली होती. टोर्किलनं ती घेतली, त्या सातच्या शेजारी पेन टेकवलं, आणि अभिनंदन हा शब्द काही केल्या त्याच्या हातून उतरेना.