वेल्डिंग मारलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे. पावसात डोक्यावर धरायची नव्हे मित्रांनो, टीव्हीची. नाचणगावात बापूरावांच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीशेजारी मी उभी असते. रंगाचे पोपडे उडाले आहेत, कडेला गंज चढला आहे. उभी राहण्यावाचून मला दुसरं काही येत नाही.

कारखान्यात पत्रा दाबून मला आकार दिला, तेव्हा वाटलं होतं की आता सारं आकाश आपलं. बापूरावांचा मुलगा धनंजय मला पुलगावहून मोटारसायकलला बांधून घेऊन आला. सोबत मेकॅनिकही आला. त्याने विचारलं, "कोणता उपग्रह लावू? एका छत्रीले एकच दिसते. एकीकडं मराठी-हिंदी चॅनेल हायेत, दुसरीकडं दक्षिणेतले."

बापूरावांनी शेजारच्या स्लॅबांकडे बोट दाखवलं. "त्यात इचारतं काय? साऱ्या गल्लीच्या छत्र्या जिकडं पाहून राह्यल्या, तिकडंच आपली."

झालं, माझं तोंड आग्नेयेला बसलं. पण आमच्याकडे काळतोंडी माकडं फार. ती छत्रीला लोंबकळतात, तोंड फिरतं, चित्र जातं आणि कुणाला तरी वर चढावं लागतं. बापूरावांनी या कटकटीचा कायमचा निकाल लावला. वेल्डर बोलावून माझे नट जागच्या जागी जोडून टाकले. मग माकडांनी कितीही झोके घेतले तरी मी ढिम्म. बापूराव गल्लीभर माझं कौतुक करायचे आणि खरं सांगते, मीही फुगून गेले होते. आपण अडकलो आहोत हे पुढे कळलं. तोच एक आकाशाचा तुकडा बघत वर्षं गेली. थोडं दक्षिणेला दुसरा उपग्रह आहे हे मला ठाऊक होतं, पण मान वळवायची सोय उरली नव्हती.

धनंजयचं लग्न झालं. सून सरिता आदिलाबादकडची, तेलुगू घरातली. ती आमची बोली भराभर शिकली. गेल्या वर्षी तिचे वडील वारले आणि तिची आई अन्नपूर्णा इथे राहायला आली. अन्नपूर्णाबाईंना चालता येत नाही आणि तेलुगूशिवाय काही कळत नाही. सरिता सेवाग्रामला दवाखान्यात कामाला जायची आणि त्या दिवसभर टीव्हीसमोर खाटेवर बसून असायच्या.

जिन्याचं दार उघडं असतं, खालचं सगळं मला ऐकू येतं. मी जे होतं ते पाठवत राहिले, बातम्या, भजनं, मालिका. खालून मात्र अन्नपूर्णाबाईंचा आवाज कमी कमी होत गेला. पुढे तर त्या लेकीशीही बोलेनाशा झाल्या. मला फार वाईट वाटायचं.

एकदा कपडे वाळत घालायला आलेल्या सरिताने माझी कड धरली आणि सगळं बळ लावून ढकलली. मलाही फिरायचं होतं हो. पण वेल्डिंग सुटलं नाही.

त्या संध्याकाळी ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, माय माह्याशी बी बोलत नाई आता. छत्री जराशी फिरवली तर तिले तिची भाषा तरी आयकू येईन."

"मंग आमी काय पाहावं?" बापूराव म्हणाले. "आन साऱ्या गल्लीत आपलीच छत्री वाकडी काऊन?"

सरिता स्वयंपाकघरात गेली. तिने ताटं वाढली. अन्नपूर्णाबाईंनी आपलं ताट हाताने दूर सारलं. मग बापूरावही धड जेवले नाहीत.

सकाळी ते स्वतः करवतीचं पातं घेऊन वर आले. "म्याच जोडलं, म्याच तोडतो," एवढंच म्हणाले. पातं लागत होतं, दुखत होतं, आणि मला ते हवं होतं. शेवटचा नट गळून पडला तशी वाऱ्याने मी गर्रकन फिरले. पुलगावचा रस्ता दिसला, चिंच दिसली, पाठीमागचं सारं आकाश दिसलं. क्षणभरच. धनंजयने मला धरलं आणि हळूहळू दक्षिणेकडे वळवलं. सरिता खालून ओरडत होती, "नाई... अजून नाई... आलं, आलं." मग पान्ह्याने नवे नट आवळले. मी पुन्हा अडकले.

संध्याकाळी खालून एक हसू ऐकू आलं. मी ते ओळखलंच नाही, कारण ते आधी कधी ऐकलं नव्हतं.

"काय म्हणून राह्यला थो?" बापूरावांनी टीव्हीकडे बघत विचारलं. अन्नपूर्णाबाई तेलुगूत सांगत सुटल्या. बापूरावांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी ते "हो, हो" करत बसून राहिले.

आता माकडं मला वरचेवर हलवतात. बापूराव कुरकुरत जिना चढतात आणि मला पुन्हा जागेवर आणतात. मी या खांबालाच गंजून संपणार, हे मला ठाऊक आहे. मित्रांनो, तुमच्या घरी छत्री लावाल तेव्हा शेजारच्या स्लॅबकडे बघू नका. घरात कोण गप्प बसलं आहे ते आधी बघा. नट घट्ट आवळा, पण वेल्डिंग तेवढं मारू नका.