कपाटात जपलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हणजे वयाने. वापराने म्हणाल, तर परवापर्यंत मी कोरी करकरीत होते आणि त्याचाच मला अभिमान होता.

नांदगाव तालुक्यातल्या एका शाळेतून खंडेराव आहेर गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा गावाने त्यांना शाल, श्रीफळ आणि मी असा ऐवज दिला. श्रीफळाची त्याच आठवड्यात चटणी झाली. शाल दुसऱ्या एका सत्कारात तिसऱ्याच गुरुजींच्या खांद्यावर गेली. मला मात्र पुढे ढकलता येईना, कारण माझ्या अंगावर गुरुजींचे नाव कोरलेले होते. म्हणून मी नाशिकला त्यांच्या घरी, लोखंडी कपाटात, ठेवणीतल्या चादरींखाली राहायला आले.

गुरुजींच्या पत्नी सगुणाबाईंनी मला फार जपले. आधी कातडी पेटी, तिच्यावर फडके, फडक्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीला घट्ट गाठ. खंडेनवमीला घरातली हत्यारे पुजायची रीत आहे. त्या दिवशी कोयता, शिलाई मशीन आणि गुरुजींची सायकल यांच्या पंगतीत मलाही बसवत. हळदकुंकवाचे बोट लागे, झेंडूचे फूल मिळे आणि संध्याकाळी पुन्हा गाठ बसे. शेजारच्यांनी एकदा क्रिकेटच्या सामन्यासाठी मला मागितले. "छे हो, ती मोठ्या सहलीसाठी ठेवलीय," असे सगुणाबाईंनी सांगितले. पिशवीत बसून मी किती फुगले होते म्हणून सांगू!

आता या मोठ्या सहलीची गोष्ट. गुरुजींनी उभा जन्म मुलांना राष्ट्रीय उद्याने शिकवली, पण स्वतः एकही पाहिले नव्हते. फळ्यावर गवा काढला, की मुले म्हणत, "गुरुजी, ही तर म्हैसच!" मग गुरुजी चारही पायांना गुडघ्यापर्यंत पांढरा खडू फासत आणि म्हणत, "म्हशीला असे मोजे असतात का रे?" वर्ग हसून गप्प होई. पण आपण न पाहिलेल्या जनावराची ग्वाही देतोय, हे गुरुजींच्या मनाला टोचत राही.

गेल्या वर्षी त्यांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची, असे डॉक्टरांनी सांगितले. कडेकडेचे दिसायचे तर कधीच बंद झाले होते. त्या संध्याकाळी गुरुजी जेवता जेवता म्हणाले, "ताडोबाला जायचं. मला गवा बघायचाय."

मुलगा हर्षल म्हणाला, "आप्पा, एवढ्या लांब कशाला? मोबाईलवर दिसतो की गवा. घरात बसून बघा."

"घरात बसून मी तुझ्या आईला बघतोच. गवा जंगलात बघेन."

"ऐकलं बरं का मी," स्वयंपाकघरातून सगुणाबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी दशम्या बांधायला त्यांनीच घेतल्या आणि माझी गाठही त्यांनीच सोडली.

ताडोबात उघडी जिप्सी होती. गाइड पोरगेलासा होता. "गवे तं लय आहेत काकाजी, वाघाचं बोला," तो म्हणाला. गुरुजींनी मान हलवली. "वाघाला सगळे येतात. मी गव्याला आलोय."

उन्हं वर आली तसा गाइडने हात वर करून गाडी थांबवली. "पहा, बांबूखाली. मोठा नर हाये."

गुरुजींनी मला उचलले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचे तरी डोळे मला लागले. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण माझ्यातून फक्त धुके दिसत होते. दाट, पांढरे धुके आणि त्यात एक काळपट डाग.

"अहो, दिसला का?" सगुणाबाईंनी विचारले.

"दिसला."

"आणि मोजे?"

"आहेत की. पांढरे शुभ्र."

ते खोटे बोलत होते, हे त्या जंगलात फक्त मला ठाऊक होते. आपले डोळे संपले, असे समजून ते मला डोळ्यांवरून काढतच नव्हते. माझ्या कडा ओल्या झाल्या, त्या का, हेही मला ठाऊक होते.

"द्या, मी पण बघते."

"राहू दे. तुला जमायचं नाही."

"चाळीस माणसांचा स्वयंपाक जमतो, हे नाही जमायचं?" त्यांनी पट्ट्याला धरून मला ओढूनच घेतले. डोळ्यांना लावले, काढले, पदराने पुसले, पुन्हा लावले. मग उजेडाकडे धरून माझ्या पोटात डोकावल्या.

"अहो, यात तर दूध सांडल्यासारखं दिसतंय. तुम्हाला मोजे कुठून दिसले?"

गुरुजींनी हळूच विचारले, "तुलाही पांढरंच दिसतंय?"

तेव्हा सगुणाबाईंना सगळे कळले. त्या म्हणाल्या, "डोळे नाही हो गेले तुमचे. हिला बुरशी धरलीय आतून, लोणच्याला धरते तशी. मीच गाठी मारून कोंडून ठेवली हिला."

त्यांनी मला मांडीवर टाकले, चारचौघांत कधी धरला नव्हता तो नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि बांबूकडे वळवला. "तिकडे बघा. सरळ समोर. चष्म्यातूनच बघा."

गवा एक पाऊल पुढे आला. गुरुजींनी चष्मा सावरला.

"आहेत गं," ते म्हणाले. "चारही पायांना आहेत."

गवा बांबूत शिरला, तरी दोघे तिकडेच पाहत राहिले. वाघाचे नाव गाइडनेही काढले नाही.

नाशिकला आल्यावर एका दुरुस्तीवाल्याने मला उघडून पुसले. एक बाजू स्वच्छ झाली. दुसरीची काच बुरशीने खाल्ली होती, ती तशीच राहिली. आता मी गॅलरीतल्या खिळ्याला उघडीच लटकते. धूळ बसते, ऊन लागते, एकदा पडलेही. दर रविवारी आम्ही नांदूरमध्यमेश्वरला पाणपक्षी बघायला जातो. गुरुजींना एक पक्षी सापडायला आता आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. हे मला दर वेळी कळते आणि मी गप्प राहते.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात मोठ्या दिवसाची वाट बघणारे कुणीतरी असेल. त्याला पुसा, वारा द्या, हाताळा. आणि ज्याच्यासाठी ते ठेवले आहे, त्याच्या हातात आजच द्या. आम्ही वस्तू थांबतो हो. माणसाचे डोळे थांबत नाहीत.