कोपऱ्यांचे गुण

ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर कासवाची पंधरा दिवस चाचणी होती. रोज दुपारी चारला तपासनीस पांढरा रुमाल फरशीवर फिरवून गुण देणार. गुण पुरेसे पडले तर झाडूकाम बंद. म्हणजे ते करणाऱ्या दोघी जावा घरी. मुकादमाने हे आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

कासव म्हणजे फरशी झाडणारं ताटाएवढं गोल यंत्र. पहिल्या दिवशी ते टेबलांच्या पायांवर आपटत राहिलं. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याने लेझरने सगळ्या मजल्याचा नकाशा करून घेतला. वायर दिसली की वळसा घालू लागलं, बॅटरी उतरली की आपणहून चार्जिंगला जाऊन बसू लागलं.

"मामंजींपेक्षा शहाणं आहे," धाकटी म्हणाली. "जेवायला हाका माराव्या लागत नाहीत."

थोरली हसली नाही. ती कोपरे बघत होती. गोल यंत्र कोपऱ्यात शिरत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी बोटभर धूळ मागे राहत होती.

"जाऊबाई, हात लावू नका हं. त्या धुळीवर आपलं पोट आहे."

"मला काय कळत नाही?"

कळत होतं. पण बावीस वर्षं हा मजला तिच्याकडे होता आणि परका माणूस येऊन तो बघणार होता. चौथ्या दिवसापासून धाकटी खाली डबा उघडून वाट बघायची, तेव्हा थोरली वर गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने कोपरे पुसायची.

सोळाव्या दिवशी मुकादमाने कागद वाचून दाखवला. कोपरे, दहापैकी दहा.

"कसं शक्य आहे, दादा?" धाकटी म्हणाली. "ते शिरतच नाही कोपऱ्यात."

"रुमाल पांढराच निघाला, बाई."

धाकटी सावकाश थोरलीकडे वळली. थोरलीने मान वर केली नाही.

"तुम्ही?"

"घाण दिसत होती गं."

धाकटीने तोंड फिरवलं. ते थोरलीला सहन होईना. ती मुकादमाकडे वळली.

"दादा, कोपरे मी पुसलेत. तसं लिहा. ते दहा गुण माझे आहेत."

मुकादमाने कागदाची घडी घातली. "सहा यंत्रांची ऑर्डर सकाळीच गेली. पुढच्या वर्षी कोपऱ्यात हात घालणारं यंत्रही येतंय म्हणे."

"मग तोवर कोपऱ्यांचं काय?"

"चाचणी संपली, बाई," तो म्हणाला. "आता कोपरे कोण बघतंय?"